टोचून मादक द्रव्ये घेणाऱ्यांमधील हिपॅटायटिस सी प्रसाराची गणिती प्रतिमाने

टोचून मादक द्रव्ये घेणाऱ्यांमधील हिपॅटायटिस सी प्रसाराची गणिती प्रतिमाने म्हणजे सुईवाटे मादक द्रव्ये घेणाऱ्या व्यक्तींच्या समूहात हिपॅटायटिस सी विषाणूचा संसर्ग कसा पसरतो, किती काळ टिकून राहतो आणि कोणत्या उपायाने किती घटतो, याचे समीकरणांच्या किंवा संगणकीय अनुकरणाच्या साहाय्याने केलेले वर्णन होय. साथरोगशास्त्र, गणित, संख्याशास्त्र आणि आरोग्य-अर्थशास्त्र या चार शाखांच्या सीमेवर हा विषय उभा आहे. सुई-सिरिंज वाटप, प्रतिस्थापन उपचार आणि विषाणुरोधी औषधे यांपैकी कशावर किती खर्च करावा, तसेच जी व्यक्ती अजूनही मादक द्रव्ये टोचून घेत आहे तिला महागडे औषध द्यावे की नाही, या प्रश्नांच्या निर्णयात या प्रतिमानांचा मोठा वाटा राहिला आहे.

पार्श्वभूमी

हिपॅटायटिस सी हा यकृताला सूज आणणारा विषाणुजन्य रोग आहे. त्याच्या विषाणूची ओळख १९८९ मध्ये पटली. त्यापूर्वी या रोगाला ‘अ-ही नव्हे, ब-ही नव्हे’ अशा अर्थाच्या नावाने ओळखले जाई. या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे शरीरक्रियाविज्ञान अथवा वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना या विषाणूचा जीर्ण (दीर्घकालीन) संसर्ग आहे आणि दरवर्षी सुमारे १० लाख नव्या संसर्गांची भर पडते. २०२२ मध्ये या रोगाने सुमारे २ लाख ४२ हजार लोक मृत्युमुखी पडले. बहुतेक मृत्यू यकृताचे काठिण्य आणि यकृताचा कर्करोग यांमुळे होतात.

प्रतिमान रचताना या रोगाची पुढील वैशिष्ट्ये विचारात घ्यावी लागतात.

१. संसर्ग झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के व्यक्तींच्या शरीरातून विषाणू सहा महिन्यांच्या आत उपचारांविना नाहीसा होतो. उरलेल्यांमध्ये तो वर्षानुवर्षे राहतो.

२. जीर्ण संसर्ग बहुधा लक्षणविरहित असतो. त्यामुळे बाधित व्यक्तीला स्वतःच्या संसर्गाची जाणीव नसते आणि ती दीर्घकाळ इतरांना संसर्ग देऊ शकते.

३. एकदा बरे झाल्यावर पूर्ण प्रतिकारशक्ती मिळत नाही. पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

४. या रोगावर लस उपलब्ध नाही.

५. रक्तावाटे होणारा प्रसार अतिशय कार्यक्षम असतो. रुग्णालयात संसर्गित सुई चुकून टोचली गेल्यास हिपॅटायटिस सी होण्याची शक्यता सुमारे १.८ टक्के, तर एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के, असा अंदाज दीर्घकाळ वापरात होता. नंतरच्या काही अभ्यासांत हिपॅटायटिस सीचा आकडा याहून कमी आढळला आहे. प्रयोगशाळेत हा विषाणू काही प्रकारच्या सिरिंजांमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत आढळला आहे. सुईखेरीज द्रव्य विरघळवण्याचे भांडे, गाळण्याचा कापूस आणि पाणी यांच्या सामायिक वापरातूनही संसर्ग होऊ शकतो.

इतिहास

संसर्गजन्य रोगांच्या गणिताची परंपरा अठराव्या शतकापर्यंत मागे जाते. डॅनियल बर्नुली याने १७६० मध्ये देवीच्या रोगासंबंधी गणित मांडले. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिकंदराबाद येथे १८९७ मध्ये सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी पुढे डासांची संख्या आणि रोगप्रसार यांचा संबंध समीकरणांत मांडला. डासांचे समूळ उच्चाटन न करताही त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणल्यास हिवताप हटू शकतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. ‘उंबरठा’ ही या शास्त्रातील मध्यवर्ती कल्पना तेथून रूढ होत गेली.

१९२७ मध्ये विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक यांनी साथींच्या गणिती सिद्धान्तावरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक यांनी भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले होते. निबंधातील सूत्र पडताळण्यासाठी या दोघांनी मुंबई बेटावरील प्लेगच्या मृत्यूंची, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील आकडेवारी वापरली. आजही साथरोगगणिताच्या पाठ्यपुस्तकांत मुंबईच्या प्लेगचा हा आलेख आढळतो.

सुईवाटे पसरणाऱ्या संसर्गाचे गणित प्रथम एचआयव्हीच्या संदर्भात विकसित झाले. ॲमस्टरडॅम येथे १९८४ मध्ये सुई-अदलाबदल केंद्र सुरू झाले होते. अमेरिकेत मात्र अशा केंद्रांना तीव्र विरोध होता. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० मध्ये असे केंद्र सुरू झाले, तेव्हा येल विद्यापीठातील एडवर्ड कॅप्लन यांनी त्याचे मूल्यमापन करण्यासाठी वेगळा मार्ग निवडला. व्यक्तींना त्यांच्या वर्तनाविषयी विचारण्याऐवजी त्यांनी परत आलेल्या सुयांचीच तपासणी केली. प्रत्येक सुईवर सांकेतिक क्रमांक असल्याने ती किती दिवस बाहेर फिरली हे कळत असे. सुई जितकी कमी काळ वापरात राहील, तितक्या कमी हातांतून ती जाईल आणि तितकी ती दूषित होण्याची शक्यता घटेल, हे या ‘अभिसरण सिद्धान्ता’चे सार होते. या प्रतिमानानुसार केंद्राच्या लाभार्थ्यांमधील नव्या एचआयव्ही संसर्गाचा दर सुमारे एक-तृतीयांशाने घटला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि सुई-अदलाबदलीच्या धोरणविषयक चर्चेवर त्याचा ठळक परिणाम झाला.

हिपॅटायटिस सीसाठी स्वतंत्र प्रतिमाने २००० नंतर मोठ्या प्रमाणावर पुढे आली. हॅरोल्ड पोलॅक यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की एचआयव्हीच्या बाबतीत पुरेसा ठरणारा उपाय हिपॅटायटिस सीच्या बाबतीत तोकडा पडू शकतो. कारण या विषाणूची संसर्गक्षमता इतकी अधिक आहे, की सुया वाटून घेण्याचे प्रमाण काही अंशी घटले तरी समूहातील संसर्ग फारसा खाली येत नाही. त्यानंतर ब्रिटनमध्ये पीटर व्हिकरमन, नताशा मार्टिन व मॅथ्यू हिकमन, नेदरलँड्समध्ये मिर्याम क्रेत्श्मार आणि ऑस्ट्रेलियात मार्गारेट हेलार्ड आदी संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाचा विस्तार केला.

प्रतिमानाची मूलभूत रचना

सर्वाधिक वापरात असलेल्या प्रकाराला कप्प्यांचे प्रतिमान म्हणतात. त्यात समूहातील व्यक्तींची त्यांच्या स्थितीनुसार विभागणी केली जाते: संसर्गमुक्त, तीव्र संसर्ग असलेले, जीर्ण संसर्ग असलेले आणि उपचार घेणारे. एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात जाण्याचा वेग दर्शवणारी अवकल समीकरणे मांडून काळानुसार प्रत्येक कप्प्यातील संख्या काढली जाते. मादक द्रव्ये टोचून घेण्यास नव्याने आरंभ करणारी व्यक्ती संसर्गमुक्त कप्प्यात प्रवेश करते. सवय सुटल्याने किंवा मृत्यूमुळे व्यक्ती समूहातून बाहेर पडते. उपचाराने बरी झालेली व्यक्ती पुन्हा संसर्गमुक्त कप्प्यात येते. गोवर किंवा कांजिण्यांच्या प्रतिमानांत बरा झालेला रुग्ण कायमचा सुरक्षित मानला जातो, तसे येथे करता येत नाही.

या रचनेचे सर्वांत सोपे रूप पुढीलप्रमाणे लिहिता येते.

प्रमाणातील वार्षिक बदल = ब × प × (१ − प) − म × प − उ

येथे ‘प’ म्हणजे समूहातील जीर्ण संसर्गाचे प्रमाण, ‘ब’ म्हणजे जीर्ण संसर्गात परिणत होणाऱ्या संक्रमणाचा वार्षिक दर, ‘म’ म्हणजे समूहातून बाहेर पडण्याचा वार्षिक दर आणि ‘उ’ म्हणजे वर्षभरात उपचाराने बऱ्या झालेल्यांचा समूहातील वाटा. ‘प × (१ − प)’ हा गुणाकार बाधित आणि अबाधित व्यक्तींची गाठ पडण्याची शक्यता दर्शवतो. आपोआप विषाणुमुक्त होणाऱ्यांची वजावट ‘ब’मध्येच केलेली असते.

मूल पुनरुत्पादन संख्या

पूर्णतः संसर्गमुक्त समूहात एक बाधित व्यक्ती आली असता ती आपल्या संसर्गकाळात सरासरी जितक्या व्यक्तींना बाधित करील, त्या संख्येस मूल पुनरुत्पादन संख्या म्हणतात. वरील समीकरणात ती ‘ब ÷ म’ इतकी येते. ती १ पेक्षा अधिक असेल तर संसर्ग समूहात टिकून राहतो. १ पेक्षा कमी असेल तर तो हळूहळू नाहीसा होतो.

उपचार नसताना संसर्गाचे प्रमाण ज्या पातळीवर स्थिरावते, ती पातळी ‘१ − म ÷ ब’ इतकी असते. याचा अर्थ असा, की केवळ स्थिर प्रमाण माहीत असेल तरी पुनरुत्पादन संख्येचा अंदाज बांधता येतो. प्रमाण २० टक्के असल्यास ती १.२५, ४० टक्के असल्यास सुमारे १.६७ आणि ६० टक्के असल्यास २.५ येते. हे आकडे गोवरासारख्या रोगाच्या तुलनेत लहान आहेत. मात्र जीर्ण संसर्ग अनेक वर्षे टिकत असल्याने साथीचा वेग मंद आणि आयुष्य दीर्घ असते.

सोदाहरण स्पष्टीकरण

या समीकरणाचा व्यावहारिक अर्थ एका काल्पनिक समूहावरून समजून घेता येतो. समूहात १,००० व्यक्ती असून त्या सरासरी १० वर्षे मादक द्रव्ये टोचून घेतात असे मानू. म्हणजे ‘म’ची किंमत वर्षाला ०.१ होते. अशा समूहातून संसर्ग पूर्णपणे हटवण्यासाठी दरवर्षी किमान किती जण बरे व्हावे लागतील, याचे उत्तर प्रारंभीच्या प्रमाणावर अवलंबून असते.

प्रारंभीचे प्रमाण २० टक्के असल्यास वर्षाला १ ते २ व्यक्ती (अचूक आकडा १.२५), ४० टक्के असल्यास सुमारे ७ व्यक्ती आणि ६० टक्के असल्यास सुमारे २३ व्यक्ती (अचूक आकडा २२.५) बऱ्या व्हाव्या लागतात. प्रमाण तिप्पट झाले, तर आवश्यक उपचारांची संख्या तिप्पट न होता अठरापट होते. ही किमान संख्या आहे; नेमकी तेवढीच राखल्यास उतार अतिशय मंद राहतो आणि काही वर्षांत परिणाम हवा असेल तर याहून बरेच अधिक उपचार करावे लागतात.

याच समीकरणातून आणखी एक गोष्ट दिसते. नव्या संसर्गांची संख्या आणि समूहातून बाहेर पडणाऱ्या बाधितांची संख्या यांतील तफावत, संसर्गाचे प्रमाण प्रारंभीच्या निम्म्यावर आले असता सर्वाधिक असते. त्या टप्प्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. तो ओलांडल्यावर तितक्याच वार्षिक उपचारांनी प्रमाण अधिक वेगाने घसरते. त्यामुळे अर्ध्या वाटेवर कार्यक्रम थांबवला, तर आधी केलेला खर्च बव्हंशी वाया जातो आणि प्रमाण पुन्हा मूळ पातळीकडे चढू लागते.

पुनःसंसर्गाचेही असेच आहे. याच काल्पनिक समूहांत नुकत्याच बऱ्या झालेल्या व्यक्तींना पुन्हा जीर्ण संसर्ग होण्याचा दर १०० व्यक्तिवर्षांमागे अनुक्रमे २.५, ६.७ आणि १५ येतो. पुनःसंसर्गाची जोखीम रुग्णाच्या वर्तनाइतकीच त्याच्या भोवतालच्या संसर्गाच्या प्रमाणावरही अवलंबून असते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

अपायन्यूनीकरणाच्या उपायांचे मूल्यमापन

मादक द्रव्यांचा वापर तत्काळ थांबवता येत नसेल, तर निदान त्यातून होणारी हानी कमी करावी, या दृष्टिकोनास अपायन्यूनीकरण म्हणतात. त्यातील दोन प्रमुख उपाय म्हणजे निर्जंतुक सुई-सिरिंजांचे वाटप आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांनी केला जाणारा प्रतिस्थापन उपचार.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यानुसार प्रतिस्थापन उपचार घेणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस सी होण्याची जोखीम सुमारे ५० टक्क्यांनी घटते. त्याला पुरेशा सुई-सिरिंज वाटपाची जोड मिळाल्यास ही घट सुमारे ७४ टक्के होते. एकेका व्यक्तीच्या पातळीवरील ही घट संपूर्ण समूहात कशी उतरेल, हे सांगणे हे प्रतिमानाचे काम आहे.

वरील सोप्या समीकरणात, संसर्ग हटवण्यासाठी संक्रमणाचा दर जितक्या टक्क्यांनी खाली आणावा लागतो, तितकेच टक्के स्थिर अवस्थेतील संसर्गाचे प्रमाण असते. ४० टक्के प्रमाण असलेल्या समूहात दर ४० टक्क्यांहून अधिक घटवावा लागतो. दोन्ही उपाय समूहातील निम्म्या व्यक्तींपर्यंत पोहोचले, तर संसर्ग होण्याच्या बाजूने सरासरी घट ३७ टक्के होते. म्हणजे उंबरठा थोडक्यात हुकतो. ६० टक्क्यांपर्यंत पोहोचल्यास ती ४४ टक्के होते आणि उंबरठा ओलांडला जातो. मात्र प्रारंभीचे प्रमाणच ६० टक्के असल्यास सुमारे ८१ टक्के व्यक्तींपर्यंत पोहोचावे लागते.

उंबरठा ओलांडला तरी प्रमाण लगेच घसरत नाही. आधीच बाधित असलेल्या व्यक्ती समूहात वर्षानुवर्षे राहतात, त्यामुळे केवळ अपायन्यूनीकरणाने लक्षणीय घट होण्यास दशके लागू शकतात. व्हिकरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून हाच निष्कर्ष निघाला. दुसरीकडे, अपायन्यूनीकरण थांबवल्यास ‘ब’ वाढतो आणि उपचारांची गरज अनेक पटींनी वाढते. म्हणून बहुतेक प्रतिमाने दोन्ही उपायांचा एकत्रित वापर सुचवतात.

याच समूहाने २०१० मध्ये दाखवलेला आणखी एक संबंध उल्लेखनीय आहे. टोचून मादक द्रव्ये घेणाऱ्यांच्या एखाद्या समूहात हिपॅटायटिस सीचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांहून कमी असेल, तर तेथे सुईवाटे एचआयव्हीची साथ पसरण्याचा धोका अत्यल्प राहतो. म्हणून हिपॅटायटिस सीचे प्रमाण हे भावी एचआयव्ही साथीचे पूर्वचिन्ह म्हणूनही वापरता येते.

उपचार हाच प्रतिबंध

हिपॅटायटिस सीवर पूर्वी इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन ही औषधे २४ ते ४८ आठवडे दिली जात. त्यांचे दुष्परिणाम तीव्र होते आणि विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकारात निम्म्याहून कमी रुग्ण बरे होत. १९९७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहमती-निवेदनाने, मादक द्रव्ये घेत असलेल्या व्यक्तींचे उपचार सवय सुटून किमान सहा महिने होईपर्यंत लांबणीवर टाकावेत, अशी भूमिका घेतली. २००२ मध्ये ही भूमिका शिथिल करून प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र विचार करण्यास मुभा देण्यात आली. तरीही ‘हे लोक औषध नियमित घेणार नाहीत आणि बरे झाले तरी पुन्हा बाधित होतील’ या समजुतीमुळे बहुसंख्य रुग्ण उपचारांपासून वंचित राहिले. ज्या समूहात संसर्ग सर्वाधिक होता, त्यालाच औषधाच्या रांगेत शेवटचे स्थान मिळाले.

या समजुतीला प्रतिमानांनी आव्हान दिले. मार्टिन, व्हिकरमन, हिकमन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला केवळ १० जणांवर उपचार केल्यास १० वर्षांत संसर्गाचे प्रमाण किती घटेल याचे गणित मांडले. प्रारंभीचे प्रमाण २० टक्के असल्यास ३१ टक्के, ४० टक्के असल्यास १३ टक्के आणि ६० टक्के असल्यास ७ टक्के सापेक्ष घट अपेक्षित होती. पुनःसंसर्गाची शक्यता हिशेबात धरूनही ही घट येत होती. एका व्यक्तीला बरे केल्याने तिच्याकडून पुढे होऊ शकणारे संसर्गही टळतात, हा लाभ आधीच्या खर्च-लाभ हिशेबांत बहुधा गृहीत धरला जात नसे.

२०१२ च्या पुढील अभ्यासात याच संशोधकांनी ब्रिटनच्या संदर्भात खर्चाचा विचार केला. संसर्गाचे प्रमाण २० किंवा ४० टक्के असताना सध्या टोचून घेणाऱ्यांवर उपचार करणे हे सवय सुटलेल्यांवर उपचार करण्यापेक्षा अधिक किफायतशीर ठरते. प्रमाण ६० टक्के असताना मात्र पुनःसंसर्गामुळे हा क्रम उलटतो, असे त्यांना आढळले.

डिसेंबर २०१३ मध्ये सोफोसबुव्हिर या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि थेट विषाणूवर कार्य करणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. तोंडावाटे बहुधा ८ ते १२ आठवडे घ्यावयाच्या या औषधांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. नव्या औषधांच्या अपेक्षेने २०१३ मध्येच एडिंबरा, मेलबर्न आणि व्हँकुव्हर या तीन शहरांचे प्रतिमान प्रसिद्ध झाले होते. तेथील जीर्ण संसर्गाचे प्रमाण अनुक्रमे सुमारे २५, ५० आणि ६५ टक्के धरले होते. १५ वर्षांत ते निम्म्यावर आणण्यासाठी दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला अनुक्रमे १५, ४० आणि ७६ जणांवर, तर तीन-चतुर्थांशाने घटवण्यासाठी २२, ५४ आणि ९८ जणांवर उपचार करावे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये विषाणुजन्य हिपॅटायटिसचे सार्वजनिक आरोग्यास असलेले संकट म्हणून २०३० पर्यंत निर्मूलन करण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने मादक द्रव्ये घेणाऱ्यांसह सर्व प्रौढ रुग्णांना ही औषधे सरकारी अनुदानावर उपलब्ध करून दिली. आइसलँडमध्ये जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्रव्यापी मोहीम सुरू होऊन टोचून मादक द्रव्ये घेणाऱ्यांना प्राधान्य देण्यात आले. तेथील व्यसनमुक्ती रुग्णालयात दाखल होणाऱ्या अशा व्यक्तींमधील संसर्गाचे प्रमाण २०१५ मधील ४३ टक्क्यांवरून २०१७ मध्ये १२ टक्क्यांवर आले. उपचारातून प्रतिबंध साधतो, या प्रतिमानांच्या भाकिताला अशा अनुभवांनी पुष्टी दिली.

२०१९ मधील एका जागतिक प्रतिमानानुसार, टोचून मादक द्रव्ये घेण्यातून होणारा प्रसार पूर्णपणे थांबवता आल्यास २०१८ ते २०३० या काळातील सुमारे ४३ टक्के नवे संसर्ग टळतील. हा समूह जगाच्या लोकसंख्येचा अत्यल्प भाग असल्याने या आकड्याचे महत्त्व विशेष आहे.

जालक प्रतिमाने

कप्प्यांच्या प्रतिमानात समूहातील कोणतीही व्यक्ती कोणाच्याही संपर्कात येऊ शकते असे गृहीत धरलेले असते. वास्तवात मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्यांचे लहान गट असतात आणि सुई बहुधा ओळखीच्या व्यक्तीबरोबरच वाटून घेतली जाते. हे संबंध बिंदू आणि रेषांच्या जाळ्याने दर्शवणाऱ्या प्रतिमानांना जालक प्रतिमाने म्हणतात. त्यात प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र अनुकरण होते आणि संसर्ग यादृच्छिक पद्धतीने रेषांवरून पुढे सरकतो.

मेलबर्न येथील प्रत्यक्ष संपर्कजाळ्यावर आधारित अभ्यास २०१३ आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एखाद्या रुग्णाबरोबर त्याच्या जोडीदारांवरही एकाच वेळी उपचार केल्यास पुनःसंसर्ग घटतो आणि विखुरलेल्या रुग्णांवर उपचार करण्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक ठरू शकते, असे त्यांतून दिसून आले. ‘मित्रांनाही घेऊन या’ असे या धोरणाचे वर्णन केले जाते.

तुरुंगवासाचा परिणाम

टोचून मादक द्रव्ये घेणाऱ्यांना अनेक देशांत वारंवार तुरुंगवास घडतो. उपलब्ध अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणानुसार नजीकच्या काळात तुरुंगात राहिलेल्या व्यक्तींमध्ये हिपॅटायटिस सी होण्याची जोखीम सुमारे ६२ टक्क्यांनी आणि एचआयव्हीची सुमारे ८१ टक्क्यांनी अधिक आढळली. त्यामुळे नव्या प्रतिमानांत ‘कधीही तुरुंगात न गेलेले’, ‘सध्या तुरुंगात असलेले’ आणि ‘नुकतेच सुटलेले’ असे वेगळे कप्पे केले जातात. सुटकेनंतरचा काळ विशेष जोखमीचा मानला जातो, कारण तुरुंगात सुरू झालेला उपचार बाहेर आल्यावर खंडित होतो आणि निवारा व उत्पन्न यांची शाश्वती नसते.

भारतातील स्थिती

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या वतीने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ८.५ लाख व्यक्ती मादक द्रव्ये टोचून घेतात. १५ शहरांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४ हजारांहून अधिक व्यक्तींची तपासणी करण्यात आली; त्यांतील सुमारे ३७ टक्के व्यक्तींच्या रक्तात हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे आढळली. ईशान्येकडील राज्ये आणि पंजाब येथे ही समस्या विशेष तीव्र आहे.

अमेरिकेत सोफोसबुव्हिरच्या १२ आठवड्यांच्या उपचाराची घोषित किंमत ८४,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना या औषधाच्या उत्पादनाचे परवाने मिळाले आणि भारतात ते त्या किमतीच्या अगदी लहान अंशात उपलब्ध झाले. पंजाब सरकारने २०१६ मध्ये मोफत उपचार सुरू केले. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात निदान आणि औषधे विनामूल्य मिळतात.

पाश्चात्त्य देशांसाठी रचलेली प्रतिमाने भारतास जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. पंजाबसारख्या राज्यात असुरक्षित इंजेक्शने आणि वैद्यकीय प्रक्रिया यांवाटेही संसर्ग पसरतो. त्यामुळे केवळ मादक द्रव्ये घेणाऱ्यांचा कप्पा मांडून भागत नाही; सर्वसाधारण लोकसंख्येचा कप्पाही जोडावा लागतो. औषध स्वस्त असल्याने येथे खर्चाचा मोठा भाग रुग्ण शोधणे, तपासणी करणे आणि उपचार पूर्ण होईपर्यंत त्याला जोडून ठेवणे यांवर होतो.

मर्यादा आणि टीका

प्रतिमानाचा निष्कर्ष त्यात भरलेल्या प्रचलांइतकाच विश्वसनीय असतो. या विषयात पुढील अडचणी वारंवार येतात.

पहिली अडचण समूहाच्या आकारमानाची. मादक द्रव्यांचा वापर गुन्हा ठरत असल्याने हा समूह लपून राहतो. त्याची संख्या पकड-पुनर्पकड पद्धत किंवा परिचितांच्या साखळीने नमुना गोळा करण्याची पद्धत यांनी अप्रत्यक्षपणे काढावी लागते. छेदातील संख्या चुकली, तर ‘दर १,००० व्यक्तींमागे किती उपचार’ हा हिशेबही चुकतो.

दुसरी अडचण चाचणीची. प्रतिपिंडांची चाचणी पूर्वी कधीतरी संसर्ग झाल्याचे सांगते. बरे झाल्यावरही ती सकारात्मक राहते. सध्याचा संसर्ग कळण्यासाठी विषाणूच्या आरएनएची चाचणी आवश्यक असते. या दोन आकड्यांची गल्लत झाल्यास प्रतिमानात संसर्गाचे प्रमाण प्रत्यक्षाहून अधिक धरले जाते.

तिसरी अडचण कार्यकारणभावाची. ॲमस्टरडॅममध्ये एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी या दोहोंचे नवे संसर्ग घटले, तेव्हा त्याचे श्रेय अपायन्यूनीकरणाला देण्यात आले. पुढील प्रतिमानांनी दाखवले, की टोचून घेणाऱ्यांची संख्याच कमी होणे आणि अधिक जोखमीच्या व्यक्तींचे निधन होणे यांचाही त्यात मोठा वाटा होता. अपायन्यूनीकरणाचा हातभार त्यामुळे नाकारला जात नाही. मात्र तो एकट्याचा नव्हता.

निरीक्षणांशी जुळणारा आलेख मिळाला म्हणजे प्रतिमान खरे ठरले, असेही म्हणता येत नाही. मुंबईच्या प्लेगचेच उदाहरण याबाबतीत बोलके आहे. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांची वक्ररेषा मृत्यूंच्या आकड्यांशी उत्तम जुळली, परंतु प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो व त्याची साथ ऋतुमानानुसार चढते-उतरते, या गोष्टी त्या सूत्रात नव्हत्या, हे नंतरच्या अभ्यासकांनी निदर्शनास आणले. म्हणून आधुनिक अभ्यासांत एका उत्तराऐवजी संभाव्य उत्तरांचा पल्ला दिला जातो आणि कोणता प्रचल बदलल्यास निष्कर्ष किती बदलतो, याची पडताळणी केली जाते.

काही टीकाकारांच्या मते ‘उपचार हाच प्रतिबंध’ या मांडणीत रुग्णाचे मोल इतरांना होणारा संसर्ग टळण्यापुरतेच मोजले जाण्याचा धोका आहे. उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. समूहाचा लाभ हा त्याला पूरक युक्तिवाद आहे. ६० टक्के प्रमाण असलेल्या समूहात उपचार कमी किफायतशीर दिसतात, याचा अर्थ तेथील रुग्णांना वगळावे असा होत नाही. तेथे अपायन्यूनीकरण आणि उपचार दोन्ही अधिक प्रमाणात व एकाच वेळी हवेत, असा त्याचा अर्थ या क्षेत्रातील बहुतेक संशोधक लावतात.

हे सुद्धा पहा

हिपॅटायटिस सी
यकृत
साथरोगशास्त्र
एचआयव्ही
व्यसनमुक्ती
रोनाल्ड रॉस
मुंबईतील प्लेगची साथ